न खाल्लेला खर्रा सोडताना

आयुष्यात मी तंबाखूला बोट लावलेलं नाही. तरीही आमच्या गावात खर्रा सोडणारा पहिला माणूस मीच.

मी रिसोडकडच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेवक आहे. पेशंटची तंबाखू कशी सोडवायची, याचं प्रशिक्षण वाशीमला होतं. मी हौसेनं गेलो, कारण पहिला पेशंट घरातच होता. तंबाखू-सुपारीच्या या खर्ऱ्यापायी बाबांचं तोंड इतकं आखडलं होतं, की भाकरीचा तुकडा चेपून आत सरकवावा लागे. "आता तरी थांबा," असं दातांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मला फार भीती वाटायची. बाबांना मुळीच नाही!

पहिल्या दिवशीचं ज्ञान मी जेवताना घरच्यांना वाढलं. "व्यसनी माणूस आधी साफ नाई म्हणते. मंग चिडते. आपून वरडाचं नाई. तो कबूल होईपर्यंत मायेनं जवळ बसाचं." बाबा गालात खर्रा धरून मान डोलवत होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी छोटं नाटक करायला सांगितलं. एकानं आरोग्यसेवक व्हायचं, एकानं पेशंट. पेशंट व्हायला कोणी उठेना, म्हणून मी उठलो (हौस! दुसरं काय?). "बायकोपासून लपवून पंधरा वर्षं खर्रा खातो जी!" असं म्हणून मी जो गळा काढला, त्यानं मॅडमचेही डोळे भरून आले. आमच्या गावच्या आशाताईंनी व्हिडिओ काढला आणि कौतुकानं गावच्या ग्रुपवर टाकला. हे नाटक आहे, एवढं लिहायला मात्र त्या विसरल्या.

घरी पोचलो तर ओसरीवर माझी बायको मंगला आणि बाबा, दोघंही सुतकी चेहऱ्यानं बसलेले.

"अवं, ते नाटक होतं!" मी म्हणालो.

"पाह्यलं मामाजी?" मंगला सासऱ्यांकडे वळली. "आधी साफ नाई म्हणून राह्यले."

"मी खर्रा खातच नाई!"

"आता चिडून राह्यले."

"वरडू नको मंगला," बाबा हळूच म्हणाले. "मायेनं घे."

मंगलानं मायेनं माझी पिशवी झाडली. त्यातून नाटकातली पुडी पडली!

"हुंगून पाह्य! चहापत्ती हाय त्याच्यात!"

तिनं हुंगली आणि डोळ्यांना पदर लावला. "मामाजी, हे तं चहापत्तीत कालवून खातात!"

मग अख्खी आळी माझ्याजवळ मायेनं बसून गेली. सासूबाई जऊळक्याहून फोनवर रडल्या. चुलतभावानं तर माझ्या नावानं पोहरादेवीला नवस बोलून टाकला.

सगळे गेल्यावर बाबा माझ्याजवळ सरकले. खिशातली पुडी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली.

"लेका, माह्यं पाहूनच लागली तुले. चाल, दोघं मिळून सोडू. पण तू पह्यले कबूल हो. तू नाई सोडत, तं मी कायले सोडू?"

मी त्यांच्या आखडलेल्या तोंडाकडे पाहिलं. इतकी वर्षं हातापाया पडून जे झालं नव्हतं, ते आता माझ्या एका खोट्यावर अडलं होतं.

"खातो बाबा," मी म्हणालो. "पंधरा वर्षं झाले."

आतून मंगलाचा हंबरडा ऐकू आला. बाबांनी मात्र पुडी उकिरड्यावर भिरकावली.

मग आमचं सोडणं सुरू झालं. तलप आली की बाबा आधी मला विचारत, "आली काय रे तुले?" नाही म्हणालो तर त्यांचा धीर सुटायचा. म्हणून मीही हात थरथरवायचो, उगाच भांडी आपटायचो, मूठमूठ बडीशेप चघळायचो. मंगला रोज माझं तोंड हुंगायची. बाबांनी मात्र खर्रा खरोखर सोडला, आणि तोही पोरासाठी!

परवा उपकेंद्रात एक गृहस्थ आले. मी शिकवल्याप्रमाणे खुर्ची दिली, हसून विचारलं, "तंबाखू सोडाची हाय काय?"

"हो जी. पण तुमच्याजवळ नाई. ज्या म्हाताऱ्यानं आपल्या पोराची सोडवली, ते कुठी बसतात?"

मी निमूटपणे बाबांना बोलवायला उठलो. गृहस्थांनी मला खालून वर न्याहाळलं.

"तो पोरगा तुमीच काय? लय वाया गेले होते म्हणे तुमी!"

"हो जी," मी म्हणालो, "लय."