गच्चीची चावी

नवरा गेला आणि बाळाबाई मंगळवार पेठेतल्या वाचनालयात शिपाई म्हणून लागल्या, तेव्हापासून गच्चीची चावी त्यांच्या कमरेला होती. पावसाळा सरला की ओल धरलेली पुस्तकं वर न्यायची, सतरंजीवर उघडी पसरायची, सांजेला आत आणून पानांत कडुलिंबाचा पाला घालायचा. माहेर राधानगरीकडचं, धो-धो पावसाचं, त्यामुळं ओलीचा वास त्यांना कपाट उघडायच्या आधीच यायचा. पेठेतली माणसं रस्त्यावरूनच म्हणायची, "पुस्तकं उन्हाला बसली, म्हंजे बाळाबाई वर हायत."

यंदा भाद्रपदात गच्चीवर विजेचं सोलर बसलं. सेक्रेटरी उदयसिंह आबांनी बाळाबाईंकडून चावी मागून घेतली आणि त्यांच्यादेखत स्वप्नालीच्या हातावर ठेवली.

"रोज वर जाऊन बघाय लागतंय, बाळाबाई. हिला त्यातलं कळतंय."

स्वप्नाली ही गेल्या वर्षी लागलेली मदतनीस, कबनूरची, वयानं बाळाबाईंच्या सुनेएवढी. त्या दिवसापासून त्या पोरीचं काहीच बाळाबाईंना गोड लागेना. तिचं हसणं मोठं वाटायचं, तिनं केलेला चहा पांचट लागायचा. वाचक आल्या आल्या विचारायचे, "स्वप्नालीताई, आज किती वीज केली?" जशी काय हिनं ती चुलीवर रांधली होती. बाळाबाई अंबाबाईला जाऊन हात जोडायच्या, "आई, माझ्या मनातलं हे काढ." आणि देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंत पुन्हा तेच मनात घालून घ्यायच्या.

खंडेनवमीला मात्र त्यांचा दिवस असायचा. त्या दिवशी ज्याच्या जिवावर काम चालतं त्याची पूजा. कपाटं, शिक्के, बांधणीची दाभण, अगदी खराट्यालासुद्धा हार बाळाबाईंच्याच हातचा. यंदा तर त्याच दिवशी पेठेतली चार मोठी माणसं सोलर बघायला यायची होती.

"चावी दे, पोरी. वरची पूजा कराय पायजे."

"मी येऊ का हार धराय, मावशी?"

"नको. मला सवय हाय."

किती दिवसांनी त्या गच्चीवर आल्या होत्या. सतरंजी पसरायची जागा निळ्या-काळ्या काचांनी भरून गेली होती. त्यांना भरून आलं, मग राग आला. पूजा मनापासून केली, खोटं कशाला बोला. पण हार घालताना हात आवरला नाही. येणाऱ्यांनी बघावं, पूजा कुणी केली ते. दाट झेंडूचे हार या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवे घातले, उरले ते उभे घातले. एकही पॅनेल मोकळं ठेवलं नाही. वर हळदीकुंकवाची बोटं ओढली.

पाहुणे आले, खालच्या हॉलमध्ये बसले. भिंतीवरच्या पडद्यावर या घडीला किती वीज तयार होते त्याचा आकडा दिसायचा. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आकडा मलूल पडला होता.

"एवढ्या उन्हात एवढीच?" एक पाहुणे म्हणाले.

आबांचा चेहरा पडला. "स्वप्नाली, रोज वर जाऊन बघतीस का फोनवर बोलत बसतीस?"

पोरीचं तोंड एवढंसं झालं. बाळाबाई पेढ्यांचं ताट धरून दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या जिवाला गार गार वाटलं. कळतंय म्हणे हिला.

स्वप्नाली धावत वर गेली. जरा वेळानं आकडा हलला, मग भराभरा चढायला लागला. पाहुण्यांनी माना डोलावल्या. स्वप्नाली खाली आली तेव्हा तिच्या ओढणीला झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या, बोटं हळदीनं पिवळी झाली होती. हारांनी एवढं व्हईल असं बाळाबाईंच्या स्वप्नातही नव्हतं.

"काय झालतं गं?" आबांनी विचारलं.

"सावली पडलीती, आबा. काढली."

एवढंच. बाळाबाईंकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आता चावी हिची, कौतुक हिचं, आणि वर हा मोठेपणाही हिचाच? ते मात्र बाळाबाईंना सोसवेना. त्यांनी ताट टेबलावर आपटलं.

"सावली कसली, आबा. हार मी घातलतं. पोरीला उगंच बोललासा."

एक पाहुणे हसले, "देवीलाबी एवढं हार कुणी घालत न्हाई की, बाळाबाई."

आबांनी कपाळावर हात मारला आणि निकाल दिला. चावी आता कुणाच्याच कमरेला नको. ऑफिसातल्या खिळ्याला राहील. पॅनेलं धुवायची दोघींनी, पुस्तकं पॅनेलांच्या दोन ओळींमधल्या जागेत वाळवायची, तीही दोघींनी.

"बरं," बाळाबाई म्हणाल्या. स्वप्नालीनं पेढा पुढं केला. त्यांनी घेतला, पण अर्धाच.

दसऱ्याची सुट्टी संपली. त्या दिवशी बाळाबाई मुद्दाम लवकर आल्या. देवीला लांबूनच नमस्कार केला होता. खिळ्याकडं बघितलं तर खिळा मोकळा. वरून बादलीचा आवाज येत होता, आणि पोरगी कायतरी गुणगुणत होती.

बाळाबाईंनी पदर खोचला, दुसरं फडकं उचललं आणि जिना चढायला लागल्या. उद्या हिच्या आधी यायचं, हे पहिल्या पायरीवरच ठरवलं त्यांनी.