करवंदांची पाटी

माझं पहिलं बाळंतपण फार वाईट गेलं. मूल हाती लागलं नाही आणि मागे जो ताप राहिला तो काही केल्या उतरेना. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा यजमानांनी मला गाडीच्या बाकावर आडवं घालून पुण्याच्या इस्पितळात नेलं. सगळा पावसाळा मी तिथं पडून काढला. परत आले तेव्हा माझ्या अंगावर मंगळसूत्राखेरीज सोनं नव्हतं. सासूबाईंच्या पेटीतली पुतळ्यांची माळ, जी त्यांनी वैधव्य आल्यापासून फडक्यात बांधून ठेवली होती, तीही गेली होती. सगळं बाजारातल्या एका सराफाकडे गहाण होतं. त्याखेरीज त्याच्याचकडून व्याजानं घेतलेली रोख रक्कम होती. ती किती ते सांगत नाही, आज ऐकून कुणी हसेल. यजमानांसारख्या रेल्वेच्या पार्सल ऑफिसातल्या कारकुनाला ती झोप उडवायला पुरेशी होती.

मला घरात कुणी एका शब्दानं बोललं नाही. यजमान तर हिशेबाचा विषय माझ्यासमोर काढतच नसत. सासूबाई बेडश्याच्या. शेतावर थोरले दीर होते आणि धाकट्याला नोकरी लागली म्हणून त्या आमच्याकडे लोणावळ्याला येऊन राहिल्या होत्या. मी इस्पितळातून आले त्या दिवशी पायांवर पाणी घालून त्यांनी मला घरात घेतलं आणि म्हणाल्या, "सोन्याचं काय, पुन्ना व्हईल. तू हाइस न्हवं? लय झालं."

कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. बोलणी खाऊन मी मोकळी झाले असते. तसं झालं नाही, म्हणून मीच मनाशी घेतलं की हे कर्ज माझ्यामुळे झालं, ते मीच फेडणार. पगार तर वाढणार नव्हता. माझ्या हातात होतं ते फक्त घर. मग मी घराला जे पकडलं ते सोडलंच नाही.

साखर बंद केली. चहात गूळ, आणि दूध फक्त यजमानांच्या कपात. कंदील एकच, तोही जेवणं उरकली की मालवायचा. बेडश्याहून दीर आमच्या वाट्याचा आंबेमोहोर पाठवत. तो मी बंगल्यांवरच्या आचाऱ्यांना विकायची आणि घरात कण्या शिजवायची. कुरवंड्याची एक ठाकरीण दर आठवड्याला सरपणाची मोळी घेऊन दाराशी येई. पूर्वी आम्ही अख्खी मोळी घेत होतो, आता मी अर्धी घ्यायची आणि त्या अर्धीसाठीही घासाघीस करायची. ती बिचारी कुरवंड्यापासून डोक्यावर ओझं आणायची. मी दोन पैशांसाठी तिला उन्हात उभी करायची.

शेजारणी माझं कौतुक करत. एवढ्या लहान वयात केवढी संसाराची जाण, म्हणत. मला ते गोड लागायचं. काटकसर करता करता माणसाच्या नजरेचं काय होतं हे मला कळत नव्हतं.

एकदा सासूबाई कालवणाला फोडणी घालत होत्या. बुधल्यातून पळीत तेल घेतलं आणि त्यांची नजर वर गेली. मी दारात उभी होते. मी काहीच बोलले नाही, खरंच नाही. पण त्यांनी पळीतलं अर्धं तेल पुन्हा बुधल्यात ओतलं. हळूच, एक थेंबही बाहेर न सांडता. साठीची बाई, जिनं शेतावर दहा-दहा गड्यांची जेवणं घातली होती, ती माझ्या नजरेला भ्यायली. मी तिथून निघून गेले आणि मनात म्हटलं, बरं झालं, तेवढंच वाचलं.

त्याच महिन्यात त्यांनी मिश्री सोडली. मी विचारलं तर म्हणाल्या, "दात दुकत्यात गं." मी ते खरं धरलं, कारण ते खरं धरणं मला सोयीचं होतं.

चैत्र सरला आणि डोंगरावर करवंदं पिकू लागली. सासूबाई पहाटेच बाहेर पडू लागल्या. त्या ठाकरणीशी त्यांची आता चांगली गट्टी जमली होती. दोघी मिळून कुरवंड्याच्या बाजूला करवंदीच्या जाळ्यांमधून हिंडत. दुपार कलताना त्या परत येत तेव्हा पाटीच्या तळाशी घरापुरती करवंदं असत आणि हातांवर काट्यांचे ओरखडे. दोन-चार दिवस मी बघितलं. मग एके दिवशी त्यांनी पदराची गाठ सोडून माझ्या हातावर चिल्लर ठेवली.

"हे कुठलं, आत्याबाई?"

"इकली करवंदं. खंडाळ्याच्या टेसनावर. गाडी घाट चडून आली की मानसं लय घेत्यात. पानाच्या डोन्यात घालून द्याची, बास."

"यांना कळलं तर?"

"त्येला कशाला कळतंय? तो लोनावळ्याला, मी खंडाळ्याला. तू नको सांगू म्हंजी झालं. सायेब मानूस, त्येला लाज वाटंल."

मी नको म्हणायला हवं होतं. मी चिल्लर मोजली आणि सराफाच्या हप्त्यासाठी ठेवलेल्या डब्यात टाकली. संध्याकाळी यजमानांनी आईच्या हातावरचे ओरखडे बघून विचारलं तेव्हा मीच उत्तर दिलं, "घरापुरती करवंदं वेचायला जातात. त्यांना घरात बसवत नाही ना."

यजमान हसले. "आईला बेडश्याची आठवण येत असेल," म्हणाले.

असं वैशाखाच्या मध्यापर्यंत चाललं. ती विजेची इंजिनं यायच्या आधीची गोष्ट. वाफेची गाडी घाट चढून धापा टाकत खंडाळ्याला यायची, उतारू खिडक्यांतून हात बाहेर काढायचे आणि बायका डब्यांच्या बाजूनं पाट्या घेऊन पळायच्या. हे मी सासूबाईंच्याच तोंडून ऐकलं होतं. त्या रंगवून सांगत. त्यांना त्यात मजा येते, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

एका सकाळी यजमान कोट चढवताना म्हणाले, "आज खंडाळ्याला ड्यूटी आहे. तिथला माणूस आजारी पडलाय."

माझी भाकरी तव्यावर तशीच राहिली. सासूबाई कधीच्या गेल्या होत्या. यजमान बाहेर पडले आणि मी चुलीपुढे बसून राहिले. खंडाळा काही लांब नाही. मी तशीच उठून निघाले असते तर दुपारच्या गाडीच्या कितीतरी आधी पोचले असते. पण मी उठले नाही. मनाला म्हटलं, फलाट केवढा, ते ऑफिसात, आत्याबाई फलाटाच्या टोकाला, कशाला गाठ पडेल? तेही खरं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी सराफाचा हप्ता होता आणि डब्यात थोडे पैसे कमी होते. त्या दिवसाची विक्री मला हवी होती.

ऊन चढलं तसं मात्र मला घरात बसवेना. मी दाराला कडी घातली आणि निघाले. निम्म्या वाटेत पळूच लागले. पोचले तेव्हा गाडी लागलेली होती. फलाटाच्या बाजूला तारेचं कुंपण होतं, त्याच्याशी मी थांबले.

फलाटावर गोंधळ चालला होता. पहिल्या वर्गातला कुणी साहेब विक्रेत्या बायकांच्या गलक्याची तक्रार करत होता आणि स्टेशन मास्तर दारात उभे राहून ओरडत होते, "परवाना नाही त्या सगळ्या बायका बाहेर! हाकला त्यांना!" एक हमाल काठी आपटत पुढे आला. त्याच्या मागून आमचे यजमान आले, काळा कोट, टोपी. "चला, उठा. बाजूला व्हा. नियम आहे," ते म्हणत होते. आवाजात जरब नव्हती, ते हात जोडल्यासारखे बोलत होते. बायका पाट्या उचलून पळत होत्या.

सासूबाई शेवटच्या डब्यापाशी खाली बसल्या होत्या. त्या एका मुलाला डोणा देत होत्या. त्यांनी मान वर केली आणि समोर मुलगा उभा होता.

सासूबाईंनी पदर डोळ्यांपर्यंत पुढे ओढला. परक्या माणसाशी बोलावं तशा त्या बोलल्या, "जाते सायेब. जाते."

हमालानं काठीनं पाटी सरकवली. ती कलंडली आणि करवंदं फलाटावर घरंगळली. सासूबाईंनी ती गोळा केली नाहीत. रिकामी पाटी उचलून त्या झपाझप चालत्या झाल्या. यजमान तिथंच उभे. त्यांनी ना हमालाला अडवलं, ना आईला हाक मारली. गाडी सुटली तरी ते तिथंच होते.

मी कुंपणापाशीच होते. सासूबाईंना गाठून त्यांच्या हातातली पाटी घ्यावी एवढंसुद्धा मला सुचलं नाही. सुचलं ते एवढंच, की आपल्याला इथं कुणी बघता कामा नये. मी आल्या वाटेनं परत फिरले.

संध्याकाळी तिघंही घरात होतो. मी ताटं वाढली. यजमानांनी एक घास घेतला आणि हात आखडला.

"आई," ते म्हणाले, "मी बोललो न्हाई."

"काय बोलायचं हुतं?" सासूबाई म्हणाल्या. "नोकरी हाय ती. तू बोलला असतास तर त्या मास्तरानं तुलाच धरलं असतं. जेव गप."

"कधीपासनं जातीस तू?"

"दोन-चार दिस झालं." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हिला ठावं न्हाई."

तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. मी आमटी वाढायला उठले.

दुसऱ्या दिवशी यजमान लवकर गेले ते खंडाळ्यालाच. संध्याकाळी त्यांनी सांगितलं ते असं. ते स्टेशन मास्तरांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, काल फलाटावरून हाकललेली शेवटची बाई माझी आई होती. मास्तरांनी विचारलं, "काल का नाही सांगितलंत?" मास्तर माणूस वाईट नव्हता. त्यांनी हंगामापुरता परवाना कसा मिळतो ते सांगितलं आणि लोणावळ्याच्या मास्तरांकडे शब्दही टाकला. परवान्याचे पैसे यजमानांनी भरले. एक आईचा आणि एक त्या कुरवंड्याच्या ठाकरणीचा.

तेव्हापासून सासूबाई लोणावळ्याच्या फलाटावर उजळ माथ्यानं बसू लागल्या. आधी करवंदं, मग जांभळं, पुढे हिवाळ्यात बोरं. ऑफिसातल्या काही मंडळींनी आमच्याकडे येणं कमी केलं. एकानं यजमानांना तोंडावर विचारलं, आईला असं बसवताना काही वाटत नाही का. यजमान म्हणाले, "वाटतं. दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं." मी दुपारी भाकरी घेऊन फलाटावर जायची आणि गर्दी असली तर डोणे भरून द्यायची.

एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. घरात लेकाला अरे-तुरे करणाऱ्या सासूबाई फलाटावर त्यांना सायेबच म्हणत. यजमानांनी परोपरीनं सांगितलं, विनवलं, एकदा रागावलेही. त्या म्हणत, "चार लोकांत तसंच बरं." प्रत्येक वेळी ती हाक आली की यजमानांचा चेहरा पडायचा. त्यांना डिवचायचं सासूबाईंच्या मनातही नव्हतं. त्यानं तर ते जास्तच लागायचं.

कर्ज फिटायला काही वर्षं गेली. मधे मला मुलगा झाला, तो सुखरूप. शेवटचा हप्ता देऊन यजमान दागिन्यांचं गाठोडं घरी घेऊन आले, तेव्हा दिवाळी जवळ आली होती. मला वाटलं होतं त्या दिवशी मी नाचेन. मी गाठोडं सोडलं आणि पुतळ्यांची माळ घेऊन सासूबाईंपुढे बसले.

"आत्याबाई, मला सांगायचंय. त्या दिवशी मी खंडाळ्याला आले होते. सगळं बघितलं मी. आणि त्याआधी, हे तिथं जाणार हे मला सकाळीच माहीत होतं."

त्या तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

"आलतीस, ते ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तुजं हिरवं लुगडं दिसलं हुतं तारंपाशी. म्हनून तर म्या बेगी बेगी पाटी उचलली. म्हटलं, ही पोर मदी आली तर तिघांचंबी हसं व्हईल."

सकाळी माहीत होतं, त्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. ऐकलं नाही असं नाही, चांगलं ऐकलं. मी वाट बघत बसले. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, माळ माझ्या हातून घेऊन नातवाच्या हातात खेळायला दिली आणि म्हणाल्या, "जप गं, तोंडात घालंल."

पुढल्या वर्षी यजमानांची दौंडला बदली झाली. सासूबाई आमच्याबरोबर आल्या नाहीत, बेडश्याला थोरल्या दिरांकडे गेल्या. आम्ही खूप आग्रह केला. मी तर पाय धरले. "तितं करमायचं न्हाई मला," एवढंच त्या म्हणाल्या, आणि ते अगदी हसून म्हणाल्या. कामशेतपर्यंत आम्ही पोचवायला गेलो. दीर बैलगाडी घेऊन आले होते. त्या गाडीत बसल्या, पेटी मांडीशी घेतली आणि लेकराच्या पापणीवर बोट फिरवलं. मग माझ्या हातात एक पुरचुंडी ठेवली. तिच्यात साखर होती. "पोराच्या दुधात घालत जा. कमी नको करू," असं म्हणाल्या आणि गाडी निघाली.