भाऊजींवरचा संशय

नंदनवनला राहणाऱ्या माझ्या ताईनं मला तातडीनं बोलावून घेतलं. तिच्या घरच्या संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात सारख्या लग्न जमवणाऱ्या साइटच्या जाहिराती येत होत्या, हसऱ्या बायांच्या फोटोंसकट. भाऊजी निवृत्त झाल्यापासून रोज त्याच संगणकावर पेपर वाचत. ताईनं त्यांच्याशी बोलणंच सोडलं होतं.

"मी काहीच नाही केलं गा," भाऊजी मला दारातच म्हणाले.

मी संगणक सुरू केला. काहीही न उघडताच जाहिरात आली, म्हणजे ती कुठल्या साइटवरून नाही, संगणकातल्याच एखाद्या प्रोग्राममधून येत होती. आतले सगळे प्रोग्राम तारखेनुसार लावून पाहिले. ब्लाउजच्या डिझाइनचा एक फुकटचा प्रोग्राम होता आणि तो टाकला त्याच दिवशी आणखी दोन अनोळखी प्रोग्राम आत शिरले होते.

"हा ब्लाउजवाला कोणी टाकला?"

"मीच. काहून?" ताई म्हणाली. "ते इचारत गेलं, मी हो हो करत गेली."

मी तिन्ही प्रोग्राम काढले, ब्राउझरला चिकटलेलं एक्स्टेंशन काढलं, अँटिव्हायरस चालवला आणि संगणक पुन्हा सुरू केला. या वेळी जाहिरात आली नाही.

ताई स्वयंपाकघरात गेली. तिथून तिनं आवाज दिला, "अहो, जेवाले या."

भाऊजी पाटावर बसत म्हणाले, "आधी मलेच इचारलं असतं तं?"

"तुम्ही नाहीच म्हटलं असतं," ताई भाजी वाढत म्हणाली, "अन मले ते खोटं वाटलं असतं."