आळणी रविवार

फ्रेंच लोक कोंबडीच्या पाण्याला उकळू देत नाहीत, हे मला दवाखान्याच्या व्हरांड्यात कळलं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आत किरणं देत होते आणि मी बाकावर फोन घेऊन बसले होते. इअरफोन तुटलेला, म्हणून आवाज बंद. पडद्यावर एक पिकलेल्या केसांची फ्रेंच बाई मोठ्या पातेल्यात अख्खी कोंबडी ठेवत होती. गाजर, कांदा, दोन पानं, पाणी. फोडणी नाही, मसाला नाही. आच इतकी बारीक की पाणी नुसतं थरथरत होतं. ती बाजूला खुर्ची ओढून बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं व्हिडिओ अडकला. अडकला नव्हता, तिला घाई नव्हती. आवाज नसलेल्या त्या स्वयंपाकघरात मी कितीतरी वेळ होते. नर्सने हाक मारली तेव्हा खांद्याला हात लावून मला परत आणावं लागलं.

आप्पांनी उभी हयात यंत्रमागावर काढली. बारा तासांची पाळी, डोळा लागला तर बोट जाईल, म्हणून गालात तंबाखू. कारखान्यातलं अख्खं खातं तेच करतं. शेठ लोक त्याला कारागिरांचं व्यसन म्हणतात. मी कामगार संघटनेचं काम करते, तिच्या पत्रकात मी लिहिलं होतं की माणसाला रात्रभर जागं ठेवून वर त्यालाच व्यसनी म्हणणं हा हलकटपणा आहे. पत्रक वाटलं, शहराच्या टोकाला गोडादऱ्यापर्यंत गेलं, त्यात भजी बांधलेलीही मी पाहिली. आणि एका उन्हाळ्यात आप्पांच्या गालातली जखम भरेचना.

ऑपरेशन झालं, मग किरणं. तोंड आतून सोलल्यासारखं झालं. डॉक्टर वाईट नव्हते, पण गोड बोलायला त्यांना फुरसत नव्हती. म्हणाले, वजन असंच उतरत गेलं तर पुढच्या खेपेला नाकातून नळी घालावी लागेल. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तशी नळी होती. झोपेत ती ओढू नये म्हणून त्याचे हात खाटेला बांधलेले. आप्पा त्याच्याकडे पाठ करून बसायचे. घरी येताना रिक्षात त्यांनी माझं मनगट धरलं आणि मान हलवली. नळी नको. एवढंच.

आता आमचं घर खानदेशी. आमच्याकडे अन्न आधी भाजलं जातं, मग कुटलं जातं, मग तेलात पडतं. काळ्या मसाल्याचा डबा देवाच्या फोटोखाली ठेवलेला. कुकरची शिट्टी झाली नाही तर मायच्या लेखी स्वयंपाकच झाला नाही. तिने आप्पांसाठी पातळ खिचडी केली, दुधात भाकरी कुस्करली, शिरा केला. आप्पा दोन चमचे घ्यायचे आणि वाटी सरकवायचे. शेवटी मी मायला म्हटलं, स्वयंपाकघर मला दे. ती म्हणाली, घे, पण गॅस जपून.

पहिल्यांदा मटण केलं. थोड्या तुपात कांदा आणि मटणाचे तुकडे तांबूस करायचे, बुडेल न बुडेल इतका रस ओतायचा, झाकण कणकेने बंद करायचं आणि विसरून जायचं. फ्रेंच लोक त्यात वाइन ओततात. आमच्या राज्यात दारूबंदी आहे, म्हणजे दारू गल्लीत मागच्या दाराने मिळते. पण त्या मागच्या दारांविरुद्धही माझंच पत्रक निघालेलं, तेव्हा मागायला कुठल्या तोंडाने जाणार? शिवाय आप्पांच्या तोंडाला ती सोसलीही नसती. मी गोड काळी द्राक्षं उकडली, गाळली, पाणी घालून ओतली.

ती दुपार अजून माझ्या अंगावर आहे. खाली गल्लीत मागांची खटखट चाललेली, खिडकीच्या जाळीवर साड्यांच्या तंतूंची धूळ, आणि घरात एक गोडसर वास हळूहळू वर चढत होता. वास कसला ते सांगता येत नव्हतं. मटणाचा होता, फळाचा होता, कुठल्यातरी पाऊस पडून गेलेल्या गावाचा होता, जिथं मी कधी गेले नाही. आप्पा पलंगावर पडून छताकडे बघत होते. मध्येच म्हणाले, मारवडच्या नाल्याकाठी असा वास यायचा. मारवड त्यांचं आजोळ. मग डोळे मिटून बराच वेळ तिकडेच राहिले असावेत. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला थांबायची सवय नसते, पण त्या दिवशी मी ओट्याशी टेकून उभी राहिले आणि काही म्हणजे काही केलं नाही. एक फोन आला, मोर्चाच्या परवानगीचा. घेतला नाही. मग गल्लीतल्या सभेला मात्र जावं लागलं. मायला सांगितलं, झाकण उघड आणि वाढ.

परत आले तेव्हा आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाटीत मटण तसंच. मी बोट बुडवून चाटलं आणि जीभ पेटली. द्राक्षांचा रस काळपट, आमचा मसालाही काळपट. मायने चमचाभर घातलेला कुणाला दिसणार?

ती ओट्यापाशी खाली बसली होती. म्हणाली, "इतलं फिक्कं माणूसले कसं घालू व? कमावता माणूस शे तो."

मी तिला भाषण दिलं. मला येतं ते. तोंडाच्या जखमा, डॉक्टर, नळी, सगळं. रस्त्यावरून ट्रक जाऊ द्यावा तसं तिने ते जाऊ दिलं. त्या फिक्क्या वाटीने आप्पांना काय वाटेल, हे तिला माझ्याआधीच कळलेलं होतं.

त्यानंतर आप्पांनी तोंडच मिटलं. मी त्या फ्रेंच बाईसारखी कोंबडी केली. ओव्याची दोन पानं, कांद्याची पात, गाजर, आणि न उकळणारं पाणी. मांस इतकं मऊ झालं की चमच्याच्या पाठीने सुटत होतं. मी आधी त्यांच्यासमोर दोन घास खाऊन दाखवले. त्यांनी वाटीत बघितलं.

"हाई ते आळणी शे," ते म्हणाले. "आळणी लेकरेसले देतस. मी काय लेकरू शे?"

मी वाटी खाली ठेवली. खरंच होतं ते. मसाला पडण्याआधी हळद-मीठ घालून शिजवलेलं पाणी म्हणजे आळणी. आमच्याकडे रविवारी पोरं वाट्या घेऊन चुलीभोवती जमतात ती त्यासाठी. पोरांना आणि बाळंतिणीला आळणी. मग डबा उघडतो, रस्सा होतो आणि मोठी माणसं जेवायला बसतात. आप्पांना त्या वाटीत चव दिसत नव्हती. आपल्याला पंगतीतून उठवलेलं दिसत होतं. शेठने तेच केलं होतं, त्यांच्या मागावर दुसरा माणूस बसवून. आता घरही तेच करत होतं.

हे मी मायला सांगितलं नाही. पण रविवार आला, कोंबडी आली, आणि तिने डबा खाली काढला नाही. मला म्हणाली, तुझं ते कर, सगळ्यांसाठी कर. घराघरातून मसाला भाजल्याचा ठसका येत होता आणि आमच्या दारातून काहीच नाही. शेजारची काकू डोकावून विचारून गेली, आज उपवास का काय.

पातेलं थरथरत राहिलं. माय त्याच्यासमोर पाटावर बसली, हात मांडीत घेऊन, आणि वाफेकडे बघत राहिली. तिला असं बसलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ऊन फरशीवरून सरकत तिच्या पायांपर्यंत आलं तरी ती हलली नाही.

मग तिने तीन ताटल्या वाढल्या, तिन्ही सारख्या, आणि आप्पांच्या पलंगासमोर जमिनीवर बसली. ही बाई घासागणिक हिरवी मिरची चावते. तिने ती पांढरी कोंबडी तोंडात घातली, चावली, गिळली. चेहरा असा झाला जणू साबण खाल्लाय. तरी दुसरा घास घेतला.

आप्पा तिच्याकडे बघत होते. त्यांचे खांदे हलायला लागले. हसणंही दुखत होतं त्यांना, गालावर हात दाबून हसत होते.

"माय मरो," माय म्हणाली, "हासू नका. जेवा."

त्यांनी चमचा उचलला. बराच वेळ लागला. ताटली निम्म्याहून जास्त संपली आणि ते म्हणाले, मीठ कमी शे. मायने मीठ आणून दिलं. मग रोज आमचं तिघांचं तेच. कोंबडी, मासा, लाल भोपळा. साखरेच्या पाण्यात वेलदोडा टाकून नासपती हळूहळू मऊ केली ती आप्पांनी दोनदा मागून घेतली. ती फ्रेंच म्हातारी हे बघून काय म्हणाली असती कोण जाणे.

दवाखान्याच्या दिवशी मायने त्यांना चपला काढू नका म्हणून बजावलं आणि खिशात घराच्या किल्ल्यांचा जुडगा टाकला. नर्सने दोन्ही काढायला लावलं. आप्पा अनवाणी वजनकाट्यावर उभे राहिले. डॉक्टरांनी आकडा बघितला, मागचा बघितला, आणि म्हणाले, उतरलं नाही. नळीचं आता राहू द्या.

रिक्षात आप्पा मध्ये बसले होते. उधना दरवाजाचा चौक मागे पडला. मग ते मायला म्हणाले, "आते तू तुनं तिखट खाय. मी नुसता देखसू."

"देखा ना," माय म्हणाली, "मंग मना जेवणले नजर लागी."