तिसऱ्यातच उचलायची

आमच्या यार्डात मला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. सगळे 'तिसऱ्या' म्हणतात. हे नाव मी स्वतःच्या कर्तृत्वाने कमावलंय, आणि चोवीस वर्षं मला त्याचा अभिमान होता. यावरून माझ्या अकलेचा अंदाज घ्या.

मी ट्रेलर चालवतो. गाडी भरलेली असो की रिकामी, सपाटी असो की चढ, जागेवरून उचलायची ती तिसऱ्या गिअरमध्येच, असा माझा बाणा. पहिला आणि दुसरा गिअर माझ्या लेखी शिकाऊ लोकांसाठी. आता भरलेली गाडी तिसऱ्यात हलवायची म्हणजे रेस द्यावी लागते, क्लच अर्धा दाबून धरावा लागतो, अख्खी कॅबिन थरथरते आणि जळका वास सुटतो. त्या वासाला मी मेहनतीचा वास समजायचो. गॅरेजमधला मिस्त्री म्हणायचा, तुझ्या गाडीला इतरांच्या दुप्पट क्लचप्लेटा लागतात. मी म्हणायचो, हल्ली मालच धड येत नाही.

ही विद्या मला उस्तादांकडून मिळाली. त्यांच्या हाताखाली मी पाच वर्षं शिकलो. त्या पाच वर्षांत त्यांनी एकदाही पहिला टाकलेला मी पाहिला नाही. तोंडाने त्यांनी कधी काही सांगितलं नाही, कारण ते बोलायचेच मुळात कमी. मीच बघून बघून शिकलो आणि वर त्याचं शास्त्र बनवलं.

माझी बायको यार्डाच्या वजनकाट्यावर बसते. प्रत्येक गाडीच्या वजनाची पावती तिच्या हातून निघते. ती म्हणायची, अहो, पावती वाचा, वजन बघा आणि मग गिअर ठरवा. रेस न देता, नुसता क्लच सोडल्यावर गाडी हलली तर गिअर बरोबर. दिवसाला शंभर गाड्या तिच्या खिडकीसमोरून उचलल्या जातात, तिला कळणार नाही तर कोणाला? पण मी पावती न वाचता खिशात कोंबायचो आणि विचारायचो, तुला येतो का ट्रेलर चालवता? मग ती पुढच्या गाडीची पावती फाडायला लागायची. मला वाटायचं, जिंकलो.

आणि आमच्या मुलीने ट्रेलरचं लायसन घ्यायचं ठरवलं. सव्वीस वर्षांची आहे, ऑफिसातल्या खुर्चीचा तिला कंटाळा आला होता. मालक म्हणाले, महिनाअखेरपर्यंत पास झाली तर नवी गाडी तिच्याच हातात देतो. मी तर हवेतच. शिकवायला मी होतोच ना! परीक्षेला दोनच संधी होत्या.

पहिल्या परीक्षेला यार्डामागच्या चढावर भरलेला ट्रेलर उभा केला होता. परीक्षक तिच्या शेजारी बसले. मी चढाच्या माथ्यावर हाताची घडी घालून उभा, बाजूला आमचे सगळे ड्रायव्हर. तिने तिसरा टाकला. गाडी थरथरली, बंद पडली आणि दोन हात मागे सरकली. नापास. चार दिवसांनी शेवटची संधी होती.

घरी आल्यावर मी व्याख्यान सुरू केलं. रेस कमी पडली, पाय घाबरला, वगैरे. पोरीने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबा, तुम्ही फेरीवर गेलात की मिस्त्रीकाकांना शेजारी बसवून मी रोज गाडी उचलते. भरलेली असली की पहिल्यात. तीन महिन्यांत एकदाही बंद पडली नाही."

"मग आज तिसरा कशाला टाकलास?"

"तुम्ही समोर उभे होतात. सगळ्यांच्या देखत तिसऱ्याच्या मुलीने पहिला टाकला असता, तर तुम्हाला कसं वाटलं असतं?"

बायको खाली मान घालून भाजी चिरत राहिली. मला लाज वाटली, पण खरं सांगतो, त्याहून जास्त राग आला. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच उस्तादांचं घर गाठलं. म्हटलं, ते तरी माझ्या बाजूने बोलतील.

उस्ताद आता घरीच असतात. कुंड्यांना पाणी घालत होते. मी सगळी कर्मकहाणी सांगितली आणि म्हटलं, तुम्हीच सांगा, आपण कधी पहिला टाकला का? त्यांनी झारी खाली ठेवली.

"अरे, त्या गाडीचे पहिले दोन गिअर तुटले होते. मालक दुरुस्त करून देईना. मला काय हौस होती होय?"

मग म्हणाले, तू दुसरीकडे गेलास, मला नवी गाडी मिळाली, तेव्हापासून भरली गाडी पहिल्यातच उचलली. एवढं सांगून ते ठसका लागेपर्यंत हसले. चोवीस वर्षं मी एका मोडक्या गिअरबॉक्सची पूजा करत होतो, आणि तो प्रसाद पोरीलाही वाटला होता. मी चहा न पिताच उठलो.

शेवटच्या परीक्षेच्या दिवशी बायको म्हणाली, तुम्ही घरीच थांबा. पण मी गेलो. तोच चढ, तोच ट्रेलर, तेच ड्रायव्हर. पोरीने काचेतून मला बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. हात गिअरवर, पण हलेना. मी हात वर केला आणि एक बोट दाखवलं.

परीक्षकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. बाहेरून खुणा केल्या तर आत्ताच नापास करीन, म्हणाले.

"साहेब, तिला येतंय. हे मी ह्यांना सांगतोय," म्हणालो आणि गाडीकडे पाठ करून ड्रायव्हर लोकांकडे तोंड केलं. बोट तसंच वर. "तिसऱ्या, बोटं मोजायला चुकलास!" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. हसू दे.

मागे हँडब्रेक सुटल्याचा आवाज आला. रेस वाढली नाही. थोड्या वेळाने माझ्या समोरचे ते सगळे हसायचे थांबले आणि एकेक करून बाजूला सरकायला लागले, ट्रेलरला वाट द्यायला. मीही सरकलो. पोरगी माझ्या शेजारून सावकाश वर गेली, आणि जळका वास कुठेच नव्हता.