माझं गोड बाशिंग

हसणार नसाल तर सांगते. नाही, हसालच. कप खाली ठेवा आधी, चहा सांडेल!

हिंगणीच्या माझ्या भाच्याचं, निखिलचं लग्न. त्याला हवा होता फेटा. मी अडून बसले, "बाशिंगच बांधायचं, अन् तेही मी बनवलेलं!" गव्हाच्या काड्यांचं बाशिंग विणायला आईनं शिकवलं होतं मला. बिचारा म्हणाला, "आत्या, मित्र हसतीन. पन तुह्यासाठी बांधतो." म्हणजे माझी सगळी अब्रू आता त्या काड्यांवर!

कोरडी काडी वळवली की मोडते, म्हणून आधी भिजवावी लागते. भावाच्या अंगणात पाण्याचं घमेलं तयारच होतं. पाणी जरा पिवळसर. म्हटलं, छान, सोनेरी रंग चढेल! अन् खरंच सांगते, वाळल्यावर काय ती चकाकी! मोर काढले, फुलं काढली, मागे पाठीवर रुळणारे लांब गोंडे सोडले. मी तर स्वतःवरच खूश.

वरात बैलबंड्यांतून निघाली. निखिल पहिल्या बंडीच्या मागच्या कडेला बसलेला, त्याच्या पाठीशी दुसरी बंडी. मी पुढे बायकांत नाचत होते. वळून बघते तर काय? पोरगा मान मागे टाकून डोलतोय! बाशिंग मानवलं म्हणायचं!

मी बँडवाल्याला ओरडले, "वाजव जोरात! नवरदेव रंगात आला!"

बँड जोरात, डोलणं जोरात. निखिल दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होता. मीही हात वर केले. सगळ्या बायकांनी केले!

तेवढ्यात वहिनी धावत आली. "अवो बाई, नाचून काय राह्यल्या? बैल खाऊन राह्यला त्याचं बाशिंग!"

"बैल? काऊन?"

"काड्या कायच्या पान्यात भिजवल्या होत्या?"

"अंगणातल्या घमेल्यात."

वहिनीनं कपाळाला हात लावला. "थे बैलाचं होतं! सरकीची ढेप अन् गूळ कालवला होता मी!"

मांडवात पोहोचेपर्यंत बाशिंगाचा एक मोर तेवढा उरला होता, तोही बिनशेपटीचा. निखिल मात्र पोट धरून हसत होता. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

पंगतीत मुलीचे वडील स्वतः माझ्याजवळ आले. "बाई, पोळ्याले आमच्या जोडीसाठी दोन बाशिंगं पायजेत."

माझा जीव केवढा सुखावला! म्हटलं, "देते ना! नक्षी कशी काढू? मोर की फुलं?"

"नक्षी राहू द्या," ते म्हणाले. "गूळ तेवढा बरोबर टाकजा."