बारा उंदीर, एक खूण

आमच्या मुलीच्या संशोधनातले बारा उंदीर एका रविवारी सकाळी पंधरा मिनिटांत एकसारखे झाले. त्या वेळी मी व्हरांड्यात फोनवर होतो.

मुलगी मनीषा सांगलीच्या एका फार्मसी कॉलेजात पीएचडी करते. सहा पांढऱ्या उंदरांना तिने स्मृती मंदावणारं औषध टोचलं होतं, उरलेल्या सहांना नुसतं मिठाचं पाणी. सोमवारी परीक्षा होती: टबातल्या पाण्याखालचा ओटा कोणाला आठवतो ते पाहायचं. त्यानंतर मेंदूतल्या प्रथिनांची तपासणी. दोन्ही गट पिंजऱ्यांत मिसळून ठेवलेले, म्हणून औषध दिलेल्याच्या शेपटीवर मार्करची एक रेघ, दुसऱ्याच्या दोन. या रेघा फिकट होतात, पुन्हा ओढाव्या लागतात.

मनीषाला ताप, शिपाई रजेवर. मी बासष्ट वर्षांचा, तीस वर्षं वृत्तपत्रात उपसंपादक होतो आणि नेमकेपणाबद्दल घरात माझं नाव घेतलं जातं (बहुधा मीच घेतो). तिच्या मार्गदर्शक सरांना विचारून तिने काम माझ्यावर सोपवलं. उंदीर धरायला मी आबांना नेलं. आबा म्हणजे माझे वडील. म्हसवडकडे त्यांनी उभा जन्म मेंढरं राखली.

"ह्यांच्या शेपटीवर रेघा ओढायच्या," एवढंच मी सांगितलं आणि फोन वाजला.

परत आलो तेव्हा बाराही शेपट्या ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून झाल्या होत्या. प्रत्येकीवर तीन ठळक रेघा होत्या.

"आबा, हे काय केलंत?"

"खूण केली. जुनी पुसल्याबिगर नवी धरत न्हाई."

"सगळ्यांना तीन?"

"आरं, एका घरच्या जित्राबाला एकच खूण असती. दोन दोन खुणा कुणी करतं व्हय? दुसऱ्याच्या कळपात गेलं तर वळखायचं कसं?"

दुसरा कळप त्या खोलीत नव्हता. मी मनीषाला फोन लावला.

मनीषा ताप अंगावर घेऊन रिक्षाने आली. तिने एकेक पिंजरा उघडून शेपट्या पाहिल्या.

"तीन महिने गेले, बाबा."

"प्रथिनांवरून ओळखता नाही का येणार?"

"तेच तर सिद्ध करायचंय."

आबा पुढे सरकले. "बाय, मी काढून देतो की. ह्यो बघ, जागच्या जागी फिरतोय. ह्येला औषिद दिलंय."

"आबा, तुमची नजर चुकत नसेल. पण सर विचारतील, कशावरून? काय लिहू?"

"लिही, आबानं सांगितलं."

ती हसली, मग डोळे पुसले. प्रयोग पहिल्यापासून करावा लागणार हे आम्हा तिघांनाही कळलं होतं.

"बाबा, एक रेघ कोणाला, दोन कोणाला, हे आबांना सांगितलं होतंत ना?"

"सांगायचं विसरलो."

तिने नोंदवही उघडली. तपशील नेमका असावा म्हणून मी शेजारी उभा राहिलो. तिने लिहिलं: 'प्रयोग रद्द. कारण: स्मृतिभ्रंश. वय: बासष्ट. औषध: दिलेले नाही.'

मला त्यात एकही दुरुस्ती सुचली नाही.